मोडलेलं मंडल

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. सत्तावीस वर्षं एका घरात काढली, पण पत्र लिहावं इतके लांब तुम्ही कधी गेलाच नाहीत. बेल्याला भावकीत लग्न असलं तरी जेवणं उरकून संध्याकाळी घरी हजर. आता गेला आहात तिथे पत्र पोचतं की नाही, मला ठाऊक नाही. पण आजची गोष्ट तुमच्याशिवाय सांगायची तरी कोणाला? वैशूला फोन केला तर ती रडेल आणि पांढरकवड्याहून पहिली गाडी धरून येईल. म्हणून सातवी शिकलेल्या हातानं लिहायला बसले आहे. चुका झाल्या तर पुसणार नाही, आधीच सांगते.

आज मी दवाखान्यात जाऊन आले. माझ्यासाठीच. हो, मलाही तुमचीच शुगर निघाली. तुम्ही जाताना घरातलं काही नेलं नाहीत, हे तेवढं मला ठेवून गेलात.

डॉक्टरीणबाई त्याच, ज्यांना तुम्ही दाखवलं होतंत. चाळीस दिवसांपूर्वी त्यांनी कागदावर गोळ्या लिहिल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "एक मंडलम रोज सुबह चलो, फिर आके दिखाओ." तेच वाक्य, जे तुम्ही त्यांच्याकडून घरी घेऊन आला होतात. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. त्यांना वाटलं मला चक्कर आली.

त्या वाक्यानं आपलं काय केलं, हे तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तरी मला ते एकदा पहिल्यापासून सांगू द्या. तुम्ही असताना मी कधी कबूल केलं नाही, आता करते.

त्या दसऱ्याला आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. माझं वांकिडी आसिफाबादात गेलं. तुम्ही आपट्याची पानं हातात देताना मला चिडवलं होतं, "तुजं माहेर तं परजिल्ह्यात गेलं वं. आता भांडून जाशीन तं परवाना लागन." मी तोंड फिरवलं होतं, पण आतून खरंच काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. आणि आपलं मावला, जे आजवर आदिलाबादच्या शेपटाला बांधलेलं गाव होतं, ते स्वतःच मंडल झालं, वैशूच्या सासरी ज्याला तालुका म्हणतात ते.

लोकांना नवा जिल्हा मिळाला, तुम्हाला काम मिळालं. जिकडे तिकडे बोर्डावरचा पत्ता बदलायचा. दुकानं, दवाखाने, शाळा, खताची गोदामं. आपलं अंगण पत्र्यांनी भरून गेलं. अर्ध्याअधिक बोर्डांवर खालच्या ओळीत तेलुगूत एकच शब्द लिहायचा होता, मंडलम. दिवसातून दहा वेळा तुम्ही तो लिहीत होतात. झोपेतही बोट चादरीवर फिरायचं.

तुमचं अक्षर! बेल्याच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस तेलुगू इतकं देखणं लिहितो, याचं तेलुगू लोकांनाच नवल वाटायचं. पण त्या अक्षरापायी तुम्ही मला किती छळलंत? एखाद्या अक्षराची मान जरा कलली की अख्खा बोर्ड रॉकेलच्या फडक्यानं पुसायचा. गिऱ्हाईक दारात उभं, मी म्हणायची, अहो तेवढंच अक्षर नीट करा ना. तुम्ही म्हणायचात, "जोड देल्लं अक्षर दिसते वं. पुरं पुसलं तवाच साफ होते." गिऱ्हाईक कपाळाला हात लावून निघून जायचं. मला तेव्हा तुमचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा, अभिमान जास्त.

तेलुगूतलं एकच अक्षर तुम्ही मला शिकवलं होतं. आपण अनुस्वाराचं टिंब डोक्यावर देतो, ते लोक अक्षराच्या शेजारी अख्खा गोल काढतात, त्याला सुन्ना म्हणतात. मंडलम लिहायचं तर दोन सुन्ना, एक मधे, एक शेवटी. तुम्ही सगळी अक्षरं आधी काढायचात आणि सुन्ना राखून ठेवायचात. मग श्वास रोखून, एका दमात, एकेक गोल. मी चहा घेऊन आले तरी त्या वेळी हाक मारायची नाही, हा नेम होता.

असा दिवसभर उकिडवा बसणारा माणूस, त्यात चहात तीन चमचे साखर. पोट सुटलं, पायाला मुंग्या यायला लागल्या, शिडीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा कुठे दवाखान्यात गेलात. मी सोबत आले नाही, कारण अंगणात ओले बोर्ड वाळत होते आणि शेळ्या फिरत होत्या. शेळ्यांसाठी मी घरी राहिले! सोबत असते तर नीट विचारलं असतं का? की तिथेही माझंच खरं केलं असतं?

तुम्ही परत आलात ते कपाळाला आठ्या घालूनच. "डॉक्टरीण पागल हाय का वं?" तुम्ही म्हणालात. "अख्खं मंडल चालाले सांगून राह्यली. रोज सकाऊन."

आधी आपण दोघंही घाबरलो. मग तुम्हीच हिशेब लावलात की बरं झालं दसऱ्याआधी आजारी पडलो नाही, जुनं आदिलाबाद मंडल केवढं मोठं होतं, नवं त्यामानानं लहान आहे. सरकारनं आपल्यासाठीच मंडल लहान केलं, असं म्हणून हसलात. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पांढरा रुमाल बांधून निघालात आणि दुपारी कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून परत आलात. पायाला फोड, डोक्यात धूळ, हातात कोणी दिलेली कापसाची दोन बोंडं. अर्धंही मंडल झालं नव्हतं. आणि तुम्ही त्या मोटारसायकलवाल्याला सांगत होतात की उद्या राहिलेलं अर्धं करतो.

शेजारच्या लक्ष्मक्कानं ऐकलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सांगितलं की डॉक्टरणीचं मंडलम वेगळं. त्यांच्यात मंडलम म्हणजे चाळीस दिवस. देवाची दीक्षा घेतात, वैद्याचं औषध घेतात, ते मंडलमनं मोजतात. रोज थोडं चाला, चाळीस दिवसांनी येऊन दाखवा, एवढंच तिचं म्हणणं. आपणही हसलो. बोर्डावर शंभर वेळा लिहिलेला शब्द आणि तुम्हालाच कळला नाही, म्हणून मी तुम्हाला आठ दिवस चिडवलं.

तुमची चूक हसण्यावारी गेली. त्यानंतर मी केली ती चूक कोणाला दिसलीच नाही.

मी विचारलं होतं लक्ष्मक्काला, मधे एक दिवस चुकला तर? ती म्हणाली, चुकला तर चुकला, ही काय दीक्षा आहे? पण मी सोळा सोमवार केलेली बाई. सातव्या सोमवारी माझ्या तोंडात चुकून मिठाचा कण गेला, तेव्हा सासूबाईंनी पहिल्यापासून धरायला लावले होते. मोडलं ते मोडलं, त्याला ठिगळ लागत नाही, असं त्या म्हणायच्या. मी तुम्हाला तेच सांगितलं. मंडल म्हणजे मंडल. खंड पडला की पहिल्यापासून.

तुम्ही तरी मला नाही म्हणायचं ना! एरवी माझं एक ऐकत नव्हतात, भाजीत मीठ कमी म्हटलं तरी वाद घालायचात. हे मात्र लगेच पटलं. पटणारच, बोर्ड पुसणारा माणूस! तुमचे डोळे चमकले होते तेव्हा. दोघांचंही खूळ एकच निघालं आणि आपल्याला वाटलं, किती छान जमतं आपलं.

मागच्या दारावर तुम्ही रोज एक सुन्ना काढायला लागलात. उरलेल्या निळ्या रंगात, रुपयाएवढा. चालून आलात की आधी ब्रश, मग चहा, तोही बिनसाखरेचा. एका ओळीत दहा गोल झाले. दार इतकं छान दिसायला लागलं होतं की दूधवालासुद्धा थांबून पाहायचा.

मग दिवाळी आली. वैशूनं पांढरकवड्याला बोलावलं, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी जावयांबरोबर बोलता बोलता ऊन वर आलं आणि चालायचं राहिलं. संध्याकाळी तुमच्या लक्षात आलं. तुम्ही करंज्यांचं ताट पुढे ओढलंत. मी हात धरला तर म्हणालात, "मोडलंच हाय आता तं खाऊ दे वं." आणि मी हात सोडला! मला ते बरोबरच वाटलं. उपास मोडल्यावर मग काय पाळायचं? पुढचे चार दिवस तुम्ही मिठाई खाल्लीत, चाललात मात्र एकही दिवस नाही, कारण नवं मंडल चांगला दिवस बघून धरायचं होतं. घरी येऊन दहाही गोल पुसलेत आणि खालच्या ओळीत एक नवा काढलात.

दुसऱ्यांदा एकोणीस झाले. विसाव्या दिवशी सकाळीच एका शाळेची माणसं बोर्ड न्यायला आली आणि तुमचा एक शब्द पुसून पुन्हा लिहायचा चालला होता. ती गेली तेव्हा दुपार झाली होती. मी म्हटलं, आता उन्हात चालून या. तुम्ही म्हणालात, सकाळचं ते सकाळचं. मी मान डोलावली. एकोणीस गोल पुसले.

तिसऱ्या मंडलाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी गोळ्या संपल्या. चाळीस दिवसांच्याच दिल्या होत्या ना. डॉक्टरणीच्या मनात होतं की चाळीस दिवसांनी आपण येऊच, मग बघून पुढच्या देऊ. तुम्ही रिकामं पाकीट मला दाखवलंत आणि म्हणालात, "गोळ्या सरल्या. जाऊन येऊ का?"

मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवतं का? मला शब्दन् शब्द आठवतो. मी म्हटलं, "मोडकं मंडल घेऊन काय तोंड दाखवता? पुरं करा, मंग एकदमच जाऊ."

अहो, हे वाक्य मी लिहिलं आणि उठून मागच्या दारापर्यंत जाऊन आले. परत येऊन वाचलं तरी ते तसंच आहे.

त्यावेळी तुम्ही अगदी जिद्दीला पेटला होतात. थंडी अशी पडली होती की सकाळी नळाचं पाणी हाताला चावायचं. तरी कानाला मफलर गुंडाळून निघायचात, बाजारासाठी थांबलेल्या कापसाच्या गाड्यांच्या रांगेच्या कडेकडेनं जाऊन चौकाला हात लावून परत. पंचवीस झाले, तीस झाले. तुम्ही लक्ष्मक्काला बोलावून दार दाखवलंत. सायन्ना, ते खताच्या दुकानाचे, त्यांचा बोर्ड महिन्यापासून पडून होता, त्यांनाही दाखवलंत. ते म्हणाले, पेंटरसाब, दारापेक्षा माझा बोर्ड आधी. अडतीस झाले. मी मनात ठरवलं होतं की चाळिसाव्या दिवशी पुरण घालायचं. शुगरच्या माणसाला पुरण! बघा किती अक्कल होती मला.

एकोणचाळिसाव्या सकाळी मी तापानं फणफणले होते. तुम्ही रुमाल बांधून दारापर्यंत गेलात आणि परत फिरलात. मी डोळे मिटून पडले होते, पण चपला काढल्याचा आवाज मला आला होता. तुम्ही चूल नीट पेटवलीत, गवती चहाचा काढा केलात, मऊ भात केलात. मीठ जास्त पडलं होतं. कपाळावर पट्ट्या ठेवत तुम्ही सकाळभर माझ्याजवळ बसलात. लग्न झाल्यापासून तुम्हाला माझ्यासाठी इतका वेळ रिकामं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी पहिलं काय विचारलं? बरं वाटतंय म्हटलं नाही, काढा छान होता म्हटलं नाही. विचारलं, "काल चालले का?"

तुम्ही नाही म्हणालात. मी उठले, फडकं घेतलं, रॉकेल घेतलं आणि अडतीसही गोल माझ्या हातानं पुसले. महिनाभर गोळ्या नव्हत्या, तुमच्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून मी पुसले. तुम्ही खाटेवर बसून बघत होतात. "तू पडून राह्य, मी पुसतो," एवढंच म्हणालात. आपल्या दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की हे न पुसताही चालेल.

मी आजारी पडले, तुम्ही माझ्याजवळ बसलात, हा खंड कसा झाला हो? सबंध मंडलात तोच एक दिवस खरा होता असं मला आता वाटतं. पण तेव्हा मी तो फडक्यानं पुसला.

त्यानंतर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून धरलंत, पण हसत नव्हतात. चालून आलात की धाप लागायची. मी म्हणायची, नवं आहे, होईल सवय. नवं! दोन महिन्यांहून जास्त चाललेल्या माणसाला मी नवं म्हणत होते.

संक्रांत चार दिवसांवर होती. सायन्नांचा बोर्ड तुम्ही अखेर हाती घेतला होता. सगळी अक्षरं झाली, मंडलममधली मधली सुन्ना झाली. शेवटची राहिली. ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवून तुम्ही म्हणालात, "हात थरथरून राह्यला. चालून येतो, मंग मारतो." मी तीळ भाजत होते. मी वर पाहिलंसुद्धा नाही. फक्त म्हटलं, आज सातवा.

सातवा गोल काढायचा राहिला. कापसाच्या गाड्यांजवळ तुम्ही खाली बसलात, असं गाडीवाल्यांनी सांगितलं. तुमची छाती दुखत होती आणि तुम्ही त्यांना म्हणत होतात की चौक एवढाच राहिला, हात लावून येतो. त्यांनीच तुम्हाला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर येऊन उभ्या होत्या. त्यांनी तुम्हाला ओळखलं होतं. त्या मला रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "ये दसरे के बाद आए थे न? फिर आए क्यों नहीं?"

मी म्हटलं, "मंडल पुरं नाई झालं बाई."

त्यांना कळलंच नाही. त्यांनी दोनदा विचारलं, कसलं मंडल? मी सांगितलं, दहा झाले, मोडलं. एकोणीस झाले, मोडलं. अडतीस झाले, मोडलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "अम्मा, मैंने तो बस दिन गिनके बुलाया था. दो दिन भी चलते तो आना था."

दो दिन भी चलते तो आना था. हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? लक्ष्मक्कानं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

तुमच्या दहाव्याला सायन्ना आले आणि आपला बोर्ड तसाच उचलून घेऊन गेले. मी म्हटलं, दुसऱ्या पेंटरकडून शेवटचा गोल काढून घ्या. ते हो म्हणाले. नंतर त्यांच्या दुकानावरून जाताना मी रोज बघते. त्यांनी तो काढून घेतलेला नाही. बोर्ड वर चढवला आहे, शेवटची सुन्ना नाही. मला तेवढं एकच अक्षर येतं, म्हणून मला ते नसलेलं लगेच दिसतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, आता मराठीत वाचायचं, मंडल. लोक खत घ्यायला येतातच.

तुम्हाला चाललं असतं का हे? तुम्ही शिडी लावून अख्खा बोर्ड पुसला असता, मला माहीत आहे.

आणि आता माझं ऐका. चाळीस दिवसांपूर्वी मला गोळ्या आणि मंडलम मिळालं तेव्हा मी ठरवलं होतं की चालायचंच नाही. कशाला? मग वैशूनं शपथ घातली, म्हणून निघाले. पहिल्या दिवशी गाड्यांजवळ पोचले आणि तिथून परत फिरले, चौकापर्यंत जाववलं नाही. घरी येऊन तुमचाच ब्रश घेतला आणि मागच्या दारावर एक गोल काढला. कसा आला म्हणता? वांग्यासारखा.

चार दिवस चालले, पाचव्या दिवशी कंटाळा आला. नुसता कंटाळा, ताप नाही, पाहुणे नाहीत. सहाव्या दिवशी माझा हात आपोआप फडक्याकडे गेला. रॉकेल ओतलंसुद्धा. दारासमोर बसले आणि सकाळचं ऊन तिरपं आलं, तेव्हा मला तुमचे गोल दिसले. पुसलेले सगळे. रंग गेला होता पण लाकडात कडा राहिल्या होत्या. तुम्ही दर वेळी नवी ओळ धरत होतात, म्हणून चारही ओळी वेगळ्या दिसत होत्या. वरची दहाची, मग एकोणीसची, मग अडतीसची, ती दोनदा वळलेली, आणि खाली सहा निळे, न पुसलेले.

मी बोट लावून मोजले. त्र्याहत्तर.

त्र्याहत्तर दिवस चालला होतात तुम्ही! दोन मंडलांना सातच कमी. आणि मी भेटायला येणाऱ्यांना सांगत होते की बिचाऱ्यांचे सहाच दिवस झाले होते. मी तुमचे सदुसष्ट दिवस खाल्ले. एवढे चालून त्या माणसाला कोणी एकदासुद्धा शाबास म्हटलं नाही, बायकोनंही नाही.

मी फडकं टाकून दिलं. पाचव्या गोलाची जागा रिकामी सोडली आणि सहावा काढला. त्यानंतर पुष्कळ जागा रिकाम्या राहिल्या. एकदा पाऊस, एकदा वैशू आली म्हणून, एकदा तुमची आठवण फार आली म्हणून. आज चाळीस झाले. मोजले तर गोल बावीस.

बावीस घेऊन जायची मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू? रिक्षात बसून दोनदा उतरावंसं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कितने दिन चले? मी मान खाली घालून म्हटलं, "बाईस."

"अच्छा है," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

एवढंच. पट्टा बांधला, रक्त घेतलं, गोळी बदलली, पुढच्या महिन्यात या म्हणाल्या. तुमच्या दहालासुद्धा त्या अच्छा है म्हणाल्या असत्या ना हो? एकोणीसला? तुम्ही किती खूश होऊन घरी आला असतात! मी धीर करून विचारलं, ते तेव्हा आले असते तर वाचले असते का? त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, कैसे बताऊँ अम्मा. मला हो म्हटलं असतं तरी चाललं नसतं आणि नाही म्हटलं असतं तरी चाललं नसतं. आता हे असंच राहणार, मी मरेपर्यंत. याला काही उपाय नाही, आणि मी शोधतही नाही.

परत येताना नवा जिल्हा बघत आले. अजून निम्म्या बोर्डांवर जुनाच पत्ता आहे, एका ठिकाणी तर जुनं नाव खडूनं खोडून वर नवं लिहिलंय. तुम्हाला तेव्हा किती राग यायचा. "असं अर्धं काम कोनी करते का?" म्हणायचात. करतात हो. एवढा मोठा जिल्हा मोडला, चार तुकडे झाले, तरी कोणी म्हटलं नाही की आता निजामापासून पुन्हा सुरू करा. दुसऱ्या दिवशी लोक कागद घेऊन रांगेत उभे राहिले. आपल्याला मात्र एक दिवस मोडलेला चालला नाही.

तुमच्यावर रागही आहे माझा. तुम्ही एकदा, फक्त एकदा, जा गं म्हणून माझं फडकं ओढून घ्यायला हवं होतं. पण तुम्ही ते करणारे असतात तर माझे हे नसतात.

आता वचन देते. सोळा सोमवारासारखं नाही, हे मोडणार हे धरूनच देते. उद्या उठवलं तर चालेन, नाही तर परवा. कधी चौकापर्यंत, कधी गाड्यांपर्यंत, कधी नुसतं लक्ष्मक्काच्या ओसरीपर्यंत. गोळ्या संपायच्या आत दवाखान्यात जाईन, गोल कितीही असोत. सायन्नांना सांगेन की तो बोर्ड तसाच राहू द्या, आमच्या ह्यांचा हात त्यावर थांबलेला आहे. आणि मागच्या दाराला या घरात कोणी रॉकेल लावणार नाही.

आज चालून यायला दुपार झाली. सकाळचं ते सकाळचं, असं मनात आलं होतं. तरी तेविसावा गोल काढला, तुमच्या सहा निळ्यांना चिकटून. ब्रश वाळून कडक झालाय, गोल एका बाजूला फुटला. तिथून बघत असाल तर तोंड वाकडं करू नका. तो तसाच राहील.

तुमची,
वैशूची माय